तानबासाठी प्रार्थना

सुमतीबाईंना बुधवारपासून प्रार्थना येईना.

ज्याला त्यांची ओळख नाही त्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण सिंदी मेघेतल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत कोणालाही विचारून पाहा. सुमतीबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की मागच्या बाकावरची माणसं आधी मांडी बदलून नीट बसून घेत. आजारी, परीक्षेला बसलेले, सुनेशी न पटणारे, नवी बोअर मारणारे, सगळ्यांची नावं त्या घेत आणि एकालाही विसरत नसत. तोवर मंडळींसाठी केलेला चहा गार होऊन त्याच्यावर साय धरे. पाळकसाहेब एकदा हसत म्हणाले होते, सुमतीबाईंनी सुरुवात केली की वर देवही टेकून बसत असेल. अशा बाईंची जीभ आता ‘हे प्रेमळ पित्या’ एवढ्यावरच अडायला लागली होती. पुढचं काही सुचायच्या आत मिटल्या डोळ्यांपुढे एक पांढरा प्लग येई आणि त्या डोळे उघडून टाकत.

त्या प्लगची हकिगत आधी सांगायला हवी.

सुमतीबाई आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या जरा पुढच्या एका गावात आरोग्य केंद्रावर परिचारिका होत्या. सकाळी सिंदी मेघेतून निघायचं, स्टँडवर आर्वीची बस धरायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं. पन्नाशी आली, गुडघे कुरकुर करू लागले, तेव्हा त्यांनी नालवाडीच्या बाजूला बदली मागितली. घरापासून ऑटोने दहा मिनिटं. अर्ज दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर पडून होता, आणि तो कोणत्या टेबलावर पडलाय एवढंही कोणी सांगत नव्हतं.

अशात मंडळीने एका शुक्रवारी साखळी प्रार्थना ठेवली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, एकेकाने एकेक तास घ्यायचा. ज्याने त्याने जिथे असेल तिथे बसायचं, आणि आपला तास संपला की पुढच्याला फोन करून साखळी त्याच्या हातात द्यायची. मध्ये ती तुटता कामा नये, हा त्यातला मुख्य नियम. विषयांची यादी मोबाइलवर आली होती, आणि तिच्यात सातव्या नंबरवर ‘सुमतीताईंची बदली’ असं होतं. सुमतीबाईंचा तास दुपारी दोन ते तीन.

पावणेदोनला त्यांनी पर्समधून फोन काढला तर बॅटरी संपून तो बंद पडलेला. केंद्रात कुणी खोकतंय, कुणाची मलमपट्टी चाललीय, बाहेर मोटारसायकली. शांत खोली एकच, लशींची. तिथे दार लावता येतं, आणि भिंतीला बोर्ड एकच, त्यात लशींच्या फ्रीजचा प्लग. सुमतीबाईंनी क्षणभर विचार केला. झाकण मिटलेलं असलं तर तो फ्रीज तासाभरात काही तापत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी प्लग काढून बाजूला सोडला, चार्जर लावला आणि खुर्चीवर बसून डोळे मिटले.

तो तास फार चांगला गेला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे त्याच गोष्टीचा त्यांना जास्त त्रास झाला. एकेक नाव घेताना त्यांचं मन भरून येत होतं, सातव्या नंबरला तर डोळे वाहू लागले. तीन वाजता पुढच्या बाईंना फोन लावला तर तो लागेना. साखळी तुटते की काय म्हणून त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. पाचव्यांदा लागला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बस तीन-वीसची होती. समाप्तीला सहा वाजता चर्चमध्ये पोचायचं होतं, आणि डॉक्टर मॅडम त्या दिवशी बैठकीला गेल्या होत्या, तेव्हा लवकर निघताना विचारणारं कोणी नव्हतं.

लशींच्या फ्रीजचं तापमान रोज दोनदा लिहायचं असतं, सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला. संध्याकाळचा आकडा सुमतीबाई निघतानाच लिहून ठेवायच्या. फ्रीज कायम चार अंशच दाखवी, मग तीनला लिहिलं काय आणि पाचला लिहिलं काय. त्या दिवशीही त्यांनी पाच वाजताच्या रकान्यात ‘४’ लिहून सही ठोकली, चार्जर काढून पर्समध्ये कोंबला आणि बसकडे धावत सुटल्या. प्लग फ्रीजमागे भिंतीशी तसाच पडून राहिला.

शनिवारी सणाची सुट्टी होती, मग रविवार. सोमवारी सकाळी त्या खोलीत शिरल्या तेव्हा पहिली नजर प्लगवर गेली. हात मेंदूच्या आधी पोचला आणि त्यांनी तो बोर्डात खुपसला. मग झाकण उघडलं. आत पाणी साचलं होतं, काटा एकवीसवर होता आणि शिश्यांवरचे उष्णता दाखवणारे चौकोन काळे पडले होते. म्हणजे लशी कामातून गेल्या. त्या बाहेर येऊन डॉक्टर मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, फ्रीज बंद पडला."

डॉक्टर वर्षाली मॅडम तरुण, पण कामाला कडक. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. तांड्यावरून, शेजारच्या गावांवरून पायी आलेल्या एकवीस बाया लेकरं घेऊन तशाच परत गेल्या. नवीन लशी येईपर्यंत चार दिवस लागले. पोरांना त्या उशिरा का होईना मिळाल्या, पण वरून साहेब चौकशीला आला. मेकॅनिकने फ्रीज ठणठणीत आहे, लाइनही ठीक आहे असं सांगितलं. म्हणजे प्लग ढिला झाला होता, नाहीतर कोणीतरी तो काढून परत लावला होता. साहेबाने नोंदवही उघडली. शुक्रवारी पाच वाजता चार अंश, सहीनिशी. मग शनिवारी या खोलीत कोण आलं होतं?

सुट्टी असली तरी शनिवारी तानबा झाडायला आला होता. तो ठेकेदाराचा माणूस, नऊ वर्षांपासून केंद्राची झाडझूड करणारा, साठीला टेकलेला आणि अंगाने काडी. साहेबाने विचारलं तेव्हा तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

"झाडत होतो साहेब," तो म्हणाला. "फ्रीजच्या मागून बी झाडलं. झाडूचा धक्का लागला असंन तर लागला असंन. मले काई ध्यानात नाई. मंग मी नाई केलं असं कसं म्हनू?"

बाकी कोणी असता तर त्याने आई-बापाच्या शपथा घेऊन खोली डोक्यावर घेतली असती. तानबाला जे ठाऊक नव्हतं ते तो छातीठोक बोलू शकला नाही, आणि साहेबाने त्याला कबुली म्हणून लिहून घेतलं. सुमतीबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. साहेब निघताना त्यांना म्हणाला, "तुमची नोंद चोख होती बाई, म्हणून सुटलात." बोलायचं होतं ते तेव्हाच. पण गळ्यापाशी आलेलं त्यांनी गिळलं, आणि एकदा गिळलेलं मग रोज आणखी खाली जात गेलं. बुधवारी ठेकेदाराने तानबाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पुढच्या मंगळवारी सुमतीबाईंच्या हातात बदलीचा आदेश पडला.

आणि त्यानंतरचा तो बुधवार. त्या संध्याकाळची घरगुती प्रार्थना सुमतीबाईंच्याच घरी होती. सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती. गाणी झाली, आणि पाळकसाहेब म्हणाले, कोणाला साक्ष द्यायची असेल तर द्या. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, ही मंडळीची रीत. सगळ्यांच्या नजरा सुमतीबाईंकडे वळल्या, कारण बदलीची बातमी आधीच गावभर झाली होती. त्या उठल्या, आणि तोंड उघडल्यावर सवयीने शब्द आपसूक येत गेले. नोकरीवर कसं वादळ आलं, चौकशी कशी लागली, भल्याभल्यांची झोप कशी उडाली, आणि अशात प्रभूने आपल्याला हाताला धरून कसं बाहेर काढलं, अंगाला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. माणसं मध्येमध्ये "प्रभूची स्तुती असो" म्हणत होती. बोलताना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं, ही त्यातली वाईटातली वाईट गोष्ट.

त्या बसल्यावर विमलाबाईंनी विचारलं, "मग चूक कोणाची निघाली?" विमलाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवलेले.

"झाडणारा होता एक. तानबा," सुमतीबाई म्हणाल्या.

"त्याचं काय झालं?"

"काढलं त्याले."

"अरेरे. मग त्याच्यासाठी प्रार्थना करू की," विमलाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले. "हे पित्या, तानबा या बांधवाला तुझ्यापुढे आणतो. त्याच्या हातून निष्काळजीपणा झाला, लहान लेकरांना त्रास झाला. त्याला त्याची चूक कळू दे. त्याला क्षमा कर, आणि सद्बुद्धी दे." वीस माणसांनी "आमेन" म्हटलं. सुमतीबाईंनीही म्हटलं, आणि सवयीने सगळ्यांहून मोठ्याने म्हटलं. तो आवाज त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडला. तानबाला सद्बुद्धी.

जाताना पाळकसाहेब म्हणाले, "सुमतीताई, ही साक्ष रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे द्या. लिहून आणलीत तर बरं." विमलाबाई चपला घालताना त्यांच्या खांद्याला धरून म्हणाल्या, "त्या शुक्रवारी दोन वाजायच्या आधी मी तुला साखळी द्यायला फोन केला ना, तर बंद आला. माझा जीव खालीवर. मग तू म्हणालीस, चार्जिंगला लावलाय, तेव्हा बरं वाटलं." विमलाबाईंना काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्या आपल्या जिने उतरून गेल्या. सुमतीबाई मात्र दाराशी तशाच उभ्या राहिल्या.

गुरुवारी त्यांनी रजा काढली आणि घराचा पिच्छा पुरवला. डबे घासले, पडदे धुतले, वरणात दोनदा मीठ टाकलं. उभं राहिलं तर बसावंसं वाटे आणि बसलं तर उठावंसं. साक्ष लिहायला तीनदा कागद घेतला आणि तीनदा तो पोळपाटाखाली सारला. दुपारी नवरा जेवायला आला. प्रभुदास पोस्टात होते, स्वभावाने थंड. त्यांनी वरणाचा एक घास घेतला, बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "काय होऊन राह्यलं तुले?"

सुमतीबाईंनी सगळं सांगून टाकलं. प्लग, चार्जर, पाचचा आकडा, सगळं. प्रभुदासांनी हात ताटातच ठेवून ऐकून घेतलं.

"झालं ते झालं," शेवटी ते म्हणाले. "तानबा ठेकेदाराचा मानूस. तो लावन त्याले दुसरीकडं. तू सरकारी नोकर. खोटी नोंद केली म्हनून लिहून दिलं तर बदली तर गेलीच, नोकरीवरबी येईल. आठ वर्षं राह्यली तुही."

"लावलं काय त्याले दुसरीकडं? तुमाले कोनं सांगतलं?"

"लावन म्हनलं मी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "देवाले ठाऊक हाये ना सगळं? मंग झालं."

"देवाले ठाऊक हाये म्हनूनच तर," सुमतीबाई म्हणाल्या, आणि ताट उचलून आत गेल्या. प्रभुदासांचं जेवण अजून व्हायचं होतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी त्या कामावर गेल्या. सोमवारी त्यांना तिथून मोकळं करणार होते, म्हणजे शेवटचाच दिवस म्हणा. झाडायला नवीन माणूस आला होता. बोर्डावर डॉक्टर मॅडमनी लाल अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, ‘प्लग काढू नये’. दिवसभरात सुमतीबाईंनी तो प्लग अकरा वेळा हात लावून पाहिला. पाच वाजताची नोंद करायला त्या पाचपर्यंत थांबल्या, घड्याळ पाहून, काट्याशी नाक लावून त्यांनी आकडा लिहिला, आणि त्यापायी साडेचारची बस गेली. अकरा वर्षांत जे एकदाही केलं नाही ते आता एवढ्या इमानाने चाललं होतं, आणि वहीतलं मागचं पान मात्र त्यांच्याने उलटवेना.

शनिवारी सकाळी त्यांनी एका पिशवीत तूरडाळ, साखर, तेलाचं पाकीट आणि बिस्किटं भरली. प्रभुदासांनी कुठे निघालीस म्हणून विचारलं नाही. बसमध्ये त्यांनी मनाशी ठरवलं: पिशवी द्यायची, चौकशी करायची, आणि ठेकेदाराशी आपण बोलू म्हणून सांगायचं. एवढं केलं तरी पुष्कळ झालं. पुलगाव मागे पडेपर्यंत हा बेत त्यांना पटला होता. रोहणा आलं तेव्हा तो त्यांना लाज वाटण्याइतका लहान दिसू लागला, पण दुसरा काही सुचत नव्हता.

तानबाचं घर केंद्राच्या शेजारच्या गावात, गावाच्या टोकाला होतं, पुढे सारवलेलं आंगण. आंगणात एक लाकडी खुर्ची भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवली होती, आणि खुर्चीमागे भिंतीला खिळा ठोकून त्याला सुतळी अडकवली होती. तानबा हातात झाडू घेऊन वाकला होता आणि खुर्चीमागून तो हळूहळू फिरवत होता. मग सरळ होऊन सुतळीकडे पाही. पुन्हा वाके, या वेळी जरा जोरात.

दाराशी त्याची बायको रुख्माबाई भाजी निवडत होती. सुमतीबाईंना पाहून ती उठली नाही. "पाहा बाई," ती म्हणाली. "रोज हेच करून राह्यले. बारा दिवस झाले, हा मानूस धड जेवला नाई."

तानबाने झाडू खाली ठेवला आणि लगबगीने ती खुर्चीच त्यांच्यापुढे आणली. "बसा बाई. ही सुतळी म्हंजे प्लगचा वायर. पाहून राह्यलो होतो, धक्का नेमका कसा लागला ते. जोरात मारला तरी निघत नाई हो. पन मी त्या दिवशी घाईत होतो, नातीले ताप होता. घाईत लागला असंन." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आमची नातबी होती त्या लेकराईत. मंगळवारी घेऊन गेलती तिची माय, तशीच वापस आली. मले काई म्हनत नाई ती. कोनी काई म्हनत नाई. मीच म्हनून राह्यलो मले."

सुमतीबाईंनी पिशवी त्याच्यापुढे धरली. रुख्माबाईने ती घेतली, आत काय आहे तेही न बघता दाराशी टेकवून ठेवली. ठेकेदाराचं बोलणं काढायला सुमतीबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात तानबा म्हणाला, "बाई, एक काम सांगू का?"

"सांगा ना, तानबाभाऊ."

"तुमी डबा खायच्या आंधी डोळे लावून बोलता ना. नव वर्षं पाहून राह्यलो मी. तुमी आमेन म्हनेपर्यंत मी झाडू बंद ठेवत होतो." मग म्हणाला, "तुमचा देव माफी देते म्हन्तात. माह्यासाठी सांगा त्याले. मी सांगतलं असतं, पन तुमची ओळख हाये."

नाही म्हणायला जागाच नव्हती. सुमतीबाई मंडळीत ज्यासाठी प्रसिद्ध होत्या तीच गोष्ट हा माणूस मागत होता. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला, हात जोडले आणि डोळे गच्च मिटले. रुख्माबाईनेही भाजी बाजूला सारून पदर डोक्यावर घेतला. सुमतीबाईंनी डोळे मिटले.

"हे प्रेमळ पित्या," त्या म्हणाल्या, आणि नेहमीच्या जागी अडल्या. पुढचं वाक्य त्यांना येत होतं. तानबाला क्षमा कर. तीन शब्द. बुधवारी वीस माणसांबरोबर ते म्हणून झाले होते. पण आता म्हटले तर ते तानबाच्या कानावर पडणार होते, आणि तो ते खरे मानून उरलेला जन्म काढणार होता. आयुष्यात पहिल्यांदा सुमतीबाईंना वाटलं की आपण जे बोलू ते कोणीतरी खरंच ऐकतंय, आणि त्यांना भयंकर भीती वाटली.

"पित्या," त्या पुन्हा म्हणाल्या, "फ्रीजचा प्लग मी काढला होता. शुक्रवारी. मोबाइल लावाले. परत लावला नाई. पाच वाजताचा आकडा मी तीनलेच लिवला. तानबाभाऊनं काई नाई केलं. सोमवारी प्लग मीच लावला आनि गप राह्यली. चौकशीत बी गप राह्यली." पुढे आणखी काही येईना. त्या थांबल्या.

त्यांनी डोळे उघडले. तानबाचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि हात जोडलेले. मग ते उघडले.

"म्हंजे मी नाई केलं," तो म्हणाला.

"नाई, तानबाभाऊ."

"झाडूनं बी नाई?"

"नाई."

तो उठला, बायकोकडे वळला. "ऐकलं का? मी नाई केलं." रुख्माबाई सुमतीबाईंकडे बघत होती. ती उठली, दाराशी टेकलेली पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे घेऊन जा बाई. आमच्या घरी हाये सगळं." आवाज चढलेला नव्हता. सुमतीबाईंना तो चढलेला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी माफी मागितली.

तानबाने घरात जाऊन धुतलेला सदरा घातला आणि टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "हे डॉक्टर मॅडमले सांगान का?" त्याने विचारलं.

"सांगीन. सोमवारी पहिले तेच करतो."

"सोमवारी तुमी नाई राहनार तिथं, बदली झाली म्हन्तात," तानबा म्हणाला. "आज शनिवार. मॅडम एक वाजेपर्यंत असते. चला."

त्याचं बरोबर होतं, आणि सुमतीबाईंना ते स्वतःलाही ठाऊक होतं. तीन किलोमीटरचा रस्ता. तानबा पुढे, त्या मागे, गुडघे दुखत होते. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. अर्ध्या वाटेत फोन वाजला. पाळकसाहेब होते. "सलाम सुमतीताई. उद्याची साक्ष तयार आहे ना? वेळ किती लागेल तेवढं सांगा, उपासनेचा क्रम लिहितोय."

"तयार आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "या वेळेस लहान आहे. पण बुधवारी सांगितली ती नाही. ती खोटी होती." पाळकसाहेबांनी पुढे काही विचारायच्या आत सुमतीबाईंनी फोन पर्समध्ये टाकला, कारण तानबा बराच पुढे गेला होता.

डॉक्टर वर्षाली मॅडमनी उभ्यानेच ऐकून घेतलं. एकदा सुमतीबाईंकडे पाहिलं, एकदा तानबाकडे. "हे वर पाठवावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या बदलीचं काय होईल मी सांगू शकत नाही. आणखी काय होईल तेही नाही. सगळं लिहून द्या, वेळेसकट."

कोरा कागद आला. सुमतीबाईंनी लशींच्या खोलीतल्याच टेबलावर बसून लिहिलं, त्याच नोंदवहीशेजारी. दुपारी एक पंचेचाळीसला प्लग काढला. तीन दहाला पाच वाजताची नोंद केली. खाली सही केली. घरी प्रभुदासांना सांगायचं होतं, उद्या वीस नव्हे दोनशे माणसांपुढे उभं राहायचं होतं, आणि बदलीचा आदेश तर अजून पर्समध्ये घडी घालून होता.

मॅडम कागद घेऊन आत गेल्या. त्यात काय लिहिलंय ते त्यांनी तानबाला वाचून दाखवलं, हे सुमतीबाईंना भिंतीआडून ऐकू आलं. मग तानबा दाराशी आला. खोलीत शिरला नाही. फ्रीजकडे, प्लगकडे, त्या लाल चिठ्ठीकडे त्याने एकदा नीट पाहून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "ते मघाशी घरी तुमी आमेन नाई म्हटलं."

सुमतीबाईंना आठवलं. खरंच नव्हतं म्हटलं.

तो टोपी हातात घेऊन उंबऱ्यापाशी थांबला, नऊ वर्षं डब्याच्या वेळी थांबायचा तसा. सुमतीबाईंनी हात जोडले.

"आमेन," त्या म्हणाल्या. मग तानबाने टोपी घातली आणि तो घरी जेवायला गेला.